सहा मुलींचा मार्च

मार्च लागला की सांगलीत दोन गोष्टी बरोबरच येतात. बाजारात नवी हळद येते आणि रस्त्यावर परीक्षेची मुलं येतात. हळद दिसायच्या आधी नाकाला कळते. वारा तिकडून वाहत असला की आमच्या गल्लीपर्यंत तो कोरडा, मातकट, जरासा कडसर वास पोचतो, आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा पिवळे झाले असतील असं उगाच वाटत राहतं. मुलं मात्र डोळ्यांना दिसतात. सकाळी दहाच्या सुमाराला, पॅड छातीशी धरून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत चाललेली. मागून एखादी आई ओरडते, "हॉलतिकीट घेतलंस का?" मग ते पोर थबकतं, दप्तर चाचपतं, मान हलवतं आणि पुन्हा चालायला लागतं.

यंदा हे सगळं मी गॅलरीतून एकटीच बघते आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्गशीर्षात गेले. शेवटची नऊ वर्षं ते माझ्याकडे होते, आणि या नऊही वर्षांत मार्च आला की त्यांचा पाय घरात ठरायचा नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते खाली फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारायचे, "आज कशाचा पेपर?" कुणी सांगायचं, कुणी नुसतंच हसून पुढे जायचं. एकदा एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "चल गं, हे आजोबा रोज तेच विचारतात." अण्णांनी ते ऐकलं. वर आले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "इथं मला कुणी ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे." चेहरा मात्र बरं वाटल्याचा नव्हता.

जतमध्ये असं नव्हतं. तिथं स्टँडपासून पंचायत समितीपर्यंतची दहा मिनिटांची वाट चालायला अण्णांना तास लागायचा. "मगदूम सायेब, मगदूम सायेब" करत कुणी ना कुणी आडवं यायचं. एखादा शिक्षक रजेचं विचारायचा, एखादा म्हातारा मुलाचं आलेलं पत्र वाचून घ्यायचा, एखादी बाई पदराखालून गुणपत्रिका काढून दाखवायची. मी लहान होते. त्यांचं बोट धरून या पायावरून त्या पायावर होत उभी राहायचे. आपला बाप सगळ्यांचा आहे हे मला तिथं, त्या रस्त्यावरच कळलं. सगळ्यांचा असलेला माणूस घरी पोचतो तेव्हा त्याच्यात फारसं काही उरलेलं नसतं, हेही लवकरच कळलं.

आमचं मूळ गाव कृष्णाकाठचं. जैनांची शेतकरी घरं, काळी जमीन, ऊस आणि हळद. अण्णा चार भावांत धाकटे. सातवी-आठवीपासून त्यांना शिकवायचं वेड, म्हणून प्राथमिक शिक्षक झाले आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती जत तालुक्यात. तेव्हा जतला पाठवणं ही शिक्षाच समजली जायची. पाणी नाही, झाड नाही, पूर्वेकडच्या गावांत निम्मी माणसं कानडी बोलणारी. आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीची वाट बघायचा. अण्णा तिथं रमले. पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाले, म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासत हिंडायचं काम. लोक बदली व्हावी म्हणून पुढाऱ्यांकडे खेटे घालायचे. अण्णा सबंध नोकरीत एकदाच एका पुढाऱ्याकडे गेले, ते झालेली बदली रद्द करा म्हणून. आमचे थोरले काका सणावारी म्हणायचे, "ह्यो गडी नदी सोडून माळावर जाऊन बसलाय. देवानं हाताला धरून काठावर जलमाला घातला हुता." अण्णा हसायचे आणि ताटातली पुरणपोळी खात राहायचे.

फार गोड स्वभावाचे होते असं मात्र मी म्हणणार नाही. शाळेत गेल्यावर मास्तर आलेले नसले तर ते स्वतः फळ्यापाशी उभे राहून शिकवायला लागायचे. तासाभरानं मास्तर धापा टाकत आले की खडू त्यांच्या हातात द्यायचा, मोटारसायकलला किक मारायची आणि निघून जायचं. एक शब्द बोलायचे नाहीत. ते न बोलणं त्या मास्तरांना वर्षभर पुरायचं. शाळातपासणीच्या वहीत त्यांनी लिहिलेले शेरे पुढे कुणीकुणी मला सांगितले. एका शाळेत त्यांनी लिहिलं होतं, 'दुसरीच्या वर्गातील एक मुलगी सतत खिडकीबाहेर पाहते. तिला बाहेर काय दिसते ते विचारावे.' हे ऐकलं तेव्हा मला कौतुक वाटलं आणि रागही आला. कारण मी सहावीत आहे की सातवीत, हे अण्णांना आईला विचारावं लागायचं.

माझ्या दहावीच्या वर्षी शाळूचं पीक बरं आलं नव्हतं. फेब्रुवारीतच टँकर सुरू झाले. मार्चमध्ये जतचा वारा कसा असतो ते तिथं राहिलेल्या माणसालाच कळेल. दुपारी कापणी झालेल्या रानांवरून धूळ उठते आणि दारं लावली तरी भाकरीत कचकच येते. कडुनिंबाला तेवढी कोवळी तांबूस पालवी फुटलेली असते; बाकी सगळं मातीच्या रंगाचं.

पूर्वेकडच्या गावांतल्या मुलींचं परीक्षाकेंद्र तेव्हा जतलाच असायचं. चाळीसेक किलोमीटर अंतर, सकाळी वेळेवर पोचेल अशी गाडी नाही. मुलगे कुठंही राहायचे, देवळात, कुणाच्या ओसरीवर, हॉटेलच्या बाकावर. मुलींना कोण ठेवणार? वर्षभर शाळेत आलेल्या मुली परीक्षेच्या दिवशी घरी शेण काढत बसायच्या. आदल्या वर्षी अण्णांनी असे रिकामे बाक बघितले होते. ते त्यांच्या मनात राहिले असावेत. त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या दारात जीप थांबली आणि तिच्यातून सहा मुली उतरल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक पिशवी, डोक्याला चप्प तेल, आणि डोळ्यांत आपण चुकीच्या घरी आलो की काय अशी भीती.

"या महिनाभर इथं राहणार," अण्णा आईला म्हणाले. "परीक्षा होईपर्यंत."

आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं. आई क्षणभर मुलींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी हातपाय धुवा. दिवस मावळायला आलाय, पानं घेते."

आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्या मुलींना त्याचं फार नवल वाटलं. उजेडी जेवायचं आणि मग रात्री भूक लागली तरी तसंच अभ्यास करत बसायचं. दोन दिवसांनी त्यांची भीड चेपली. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आपसात कानडी बोलायच्या. त्यांनी आईला 'ऊटा आयता?' म्हणजे 'जेवण झालं का?' असं विचारायला शिकवलं, आणि आई रोज पाचच्या सुमाराला पदराला हात पुसत मोठ्यानं विचारायची, "ऊटा आयता?" मग सगळ्याजणी हसायच्या. मीही हसायचे. पण माझी झोपायची जागा गेली होती, खिडकीजवळची अभ्यासाची जागा गेली होती, आणि अण्णा फिरतीवरून आले की पहिली हाक माझ्या नावाची नसायची.

सहा जणींतली एक महादेवी. मेंढपाळाची मुलगी. तिचे वडील बिराप्पा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीच्या मुलखात उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे. ती आईबरोबर वस्तीवर राहायची आणि तिथून रोज दीड तास चालत शाळेला यायची. काळीसावळी, हाडकुळी, फार बोलायची नाही. भूमितीची आकृती काढायला घेतली की तिचा हात एका फटक्यात फिरायचा. अण्णा तिच्यामागे उभे राहून बघायचे. तसं उभं राहून त्यांनी माझी वही कधी बघितलेली मला आठवत नव्हती.

भूमितीच्या पेपरच्या दोन दिवस आधी सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "सुनंदा, अडेल तिथं महादेवीला विचार. तिचा हात चांगला बसलाय." आणि मग, "तुझी नवी कंपासपेटी तिला दे. तिच्या कर्कटकाचा खिळा निसटतोय. तुला जुनी चालेल."

मी दिली. महादेवीनं ती घेतली नाही, घेतल्यासारखं करून माझ्या दप्तराजवळ ठेवली. त्यानं मला आणखीच राग आला.

पुढच्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमाराला टँकर आला म्हणून आई आणि पाच मुली घागरी घेऊन गेल्या. महादेवी आत गणितं सोडवत होती. मी पडवीत होते. बाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.

"आमची म्हादेवी हितंच हाय न्हवं?"

"काय काम आहे?"

"घिऊन जायाचं हाय. उद्या पावणं येणार हायती बघाया. त्यापायी मेंढरं मागं सोडून आलोय."

मला अण्णांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. मला एकटीलाच, कारण मी घरची होते. "कुणी मुलीला न्यायला आलं तर त्यांना बसवून घ्यायचं, पाणी द्यायचं. मी येईपर्यंत मुलगी बाहेर काढायची नाही." ते वाक्य मला शब्दनशब्द आठवत होतं. तरी मी आत तोंड करून हाक मारली, "महादेवी, चल, तुझे वडील न्यायला आलेत."

ती बाहेर आली. वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी कडुनिंबाकडे बघत राहिले. तिनं पिशवी भरली, चप्पल घातली आणि ती वडिलांच्या मागून स्टँडच्या वाटेनं चालायला लागली. मी आत जाऊन खिडकीजवळच्या जागेवर बसले. जागा पुन्हा माझी झाली होती.

तासाभरात अण्णा आले.

"महादेवी कुठंय?"

"तिचे वडील घेऊन गेले."

"मी काय सांगितलं होतं?"

"मी सांगितलं त्यांना. त्यांनी ऐकलं नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. आई तेवढ्यात घागर घेऊन दारात पोचली होती. "अहो, दोन घास खाऊन तरी जा. यायच्या आत दिवस मावळेल, मग उपाशीच राहाल." पण मोटारसायकल तोवर वळणावर गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्हाला केंद्रावर आईनं नेलं. अण्णा आले नव्हते. फाटकाशी गर्दी, मास्तरांची शिट्टी, कुणीतरी रडत होतं. आत सोडायची घंटा झाली तरी मी रेंगाळत होते. आणि मग धुळीच्या लोटातून अण्णांची मोटारसायकल आली. पुढे अण्णा, मध्ये महादेवी, मागे मुंडासंवाले बिराप्पा. महादेवी उतरली ती पळतच आत गेली. अण्णांचा पांढरा शर्ट मातीचा झाला होता, डोळे लाल होते. ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. सावकाश लिही." बस्स, तेवढंच.

मी त्या हाताखालून निसटून आत गेले. मला वाटलं होतं, ते मला रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये निकाल लागला. सहा जणींतल्या चौघी पास झाल्या. महादेवी शाळेत पहिली आली. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. महादेवीचं लग्न मात्र निकालाआधीच, मे महिन्यात, त्याच पाहुण्यांच्या घरी झालं होतं. म्हणजे एवढं करून काय झालं, असं मी मनात म्हणाले. असं म्हणण्यानं मला थोडी सुटका मिळत होती.

पुढच्या वर्षीही अण्णांनी मुली आणल्या. मग दर वर्षी, ते निवृत्त होईपर्यंत. मी सांगलीला कॉलेजात गेले, हॉस्टेलवर राहिले, आणि नंतर एकाही मार्चमध्ये घरी गेले नाही. काही ना काही कारण काढायचे. माझं लग्न झालं, चार वर्षांत मोडलं. अण्णा मला न्यायला सासरी आले. दारात उभं राहून म्हणाले, "चल, गाडीला वेळ होतोय." काय झालं, कुणाचं चुकलं, एक प्रश्न विचारला नाही. गाडीत त्यांनी माझ्या बाजूची खिडकी ऊन लागतं म्हणून ओढून घेतली, तेवढंच. न विचारणं ही त्यांची माया होती की सवय, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आई गेल्यावर ते सांगलीला माझ्याकडे आले. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसलेले असायचे. त्यांना बोलायचं असायचं, शाळांबद्दल, माणसांबद्दल. मी दमलेली असायचे. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. एखाद्या वेळी ते सुरुवात करायचे, "तुझ्या दहावीच्या वर्षी..." आणि मी उठायचे. "चहा टाकते," म्हणायचे. चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी पेपर उघडलेला असायचा. असं किती वेळा झालं असेल? दोघं माणसं, दोन खोल्या, आणि मध्ये ते एक न झालेलं बोलणं. माणूस एकटा असला की एकटा असतोच, पण दोघांत एकटं असणं फार लांबतं.

ते गेले त्या दिवशी अंत्ययात्रेला पंधरा-वीस माणसं होती. गावाकडचे चुलतभाऊ, शेजारचे दोघं-तिघं, माझ्या ऑफिसातली चार जणं. जतला कळवावं म्हणून मी त्यांची डायरी उघडली. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात पानंच्या पानं नंबर होते, सगळे जुन्या घरच्या फोनचे. एकही लागला नाही. त्यांच्यासाठी रस्त्यात तासतासभर थांबणारी माणसं कुठंतरी जिवंत होती, आणि त्यांच्यापर्यंत पोचायची वाट मला माहीत नव्हती. वाट विचारायला ज्यांच्याकडे जायचं, तेच समोर शांत निजलेले.

फेब्रुवारीत एक फोन आला. जतच्या पूर्वेकडच्या, महादेवी शिकली त्या गावातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक बोलत होते. "मॅडम, आम्हाला फार उशिरा कळलं. गावानं शाळेत मुलींसाठी अभ्यासिका बांधलीय. तिला साहेबांचं नाव द्यायचं ठरलंय. घरचं कुणीतरी पाहिजे."

घरचं म्हणजे मीच. गेल्या रविवारी मी गेले. मिरज सोडलं, कवठेमहांकाळ गेलं. कुठं कुठं आता कालव्याचं पाणी आलंय, द्राक्षांचे मांडव दिसतात. जतच्या पुढे मात्र तोच माळ, तोच वारा. गाडीच्या काचा लावलेल्या होत्या तरी दातांत कचकच आली, आणि इतक्या वर्षांनी ती मला बरी वाटली.

शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. दोन-अडीचशे माणसं. सांगलीत पंधरा-वीस होती, आणि इथं लोकांना बसायला जागा पुरत नव्हती. माणसं उठून उठून अण्णांबद्दल बोलत होती. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "माज्या हातात खडू दिऊन गेलं साहेब. आजून हात थरथरतोय." सगळे हसले. मलाही बोलायला सांगितलं. मी कागदावर लिहून आणलं होतं ते वाचलं. त्यांची पहिली नेमणूक, त्यांची निवृत्ती, त्यांची शिस्त. टाळ्या झाल्या. कागदाची घडी घालून खाली बसताना वाटलं, या मांडवात अण्णांना सगळ्यांत कमी ओळखणारी मीच.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आली. अंगणवाडी सेविकेची गुलाबी साडी, केस पांढरे झालेले.

"वळखलं का, ताई?"

ती हाडकुळी मुलगी त्या चेहऱ्यात शोधायला मला क्षणही लागला नाही. "महादेवी."

"व्हय. दहावीचं सर्टिफिकेट हुतं म्हणून सेविका झाले. सव्वीस वरसं झाली. गावातली निम्मी पोरं माज्या हाताखालनं गेली." मग माझ्या हाताला धरून म्हणाली, "चला, जरा सावलीला बसू."

अभ्यासिकेच्या मागच्या बाजूला पायरी होती. आम्ही तिथं बसलो. मी तिच्याकडे न बघताच बोलले. इतकी वर्षं जे बोलायचं होतं ते दोन वाक्यांत संपलं.

"महादेवी, त्या दिवशी तुझ्या वडिलांना थांबवून ठेवायचं होतं. मी तुला मुद्दाम बाहेर बोलावलं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "साहेबांनाबी ठावं हुतं."

मी तिच्याकडे बघितलं.

"आमच्या बानंच सांगितलं की त्यास्नी," ती म्हणाली. "साहेब दिवस बुडताना वस्तीवर आलं. बा काय ऐकंना. साहेब लय बोललं, शिक्षान, कायदा, सरकार. बा म्हणला, तुमी जेवा आन् जावा. साहेब म्हणलं, दिवस मावळल्यावर मी जेवत न्हाई. बाला लागलं ते. म्हणला, धनगराच्या घरचं चालत न्हाई म्हणा की सरळ. तवा साहेबांनी काय केलं ठावं हाय? खाली बसलं, आन् म्हणलं, वाढा."

"अण्णा जेवले?"

"भाकरी, चटणी आन् मेंढीचं दूध. आयनं वाढलं. म्या दिवा धरला हुता."

अण्णांनी आयुष्यात कधी तो नेम मोडल्याचं मला माहीत नव्हतं. तापानं फणफणलेले असतानाही दिवस मावळल्यावर ते औषधाची गोळी घ्यायचे नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यावर ओरडले होते.

"जेवण झाल्यावर बा म्हणला," महादेवी सांगत होती, "साहेब, तुमी म्हणता पोरगी शिकवा. पन तुमच्याच पोरीनं हाक मारून हिला बाहीर काडली. तुमच्या घरात बी ती नकोच हाय. मग मी कशापायी ठिवू?"

वारा पायरीवरची धूळ फिरवत होता. मला पुढचं ऐकायचं होतं आणि नकोही होतं.

"साहेबांनी हात धुतलं. मला वाटलं, आता उटून जात्याल. मग म्हणलं, बिराप्पा, माझी पोर चुकली. ती वाईट न्हाई. माझं तिच्याकडं बघायचं र्‍हाऊन गेलं, म्हणून चुकली. उद्या तुमची म्हादेवी पेपरला बसली न्हाई, तर माझी पोर पास हुईल, पन जलमभर नापास झाल्यागत वागंल. तुमच्या पोरीसाठी सरकारचा मानूस म्हणून आलो हुतो, ते तुमी ऐकलं न्हाई. आता माझ्या पोरीसाठी मागतोय."

महादेवीनं पदरानं तोंड पुसलं.

"बानं घोंगडं आणून साहेबांच्या अंगावर टाकलं. म्हणला, निजा. पहाटं निघू. माझ्या लग्नाला साहेब आलं हुतं, तवा मला म्हणलं, हे सुनंदाला सांगू नको. तिला सांगायचं असंल तवा ती सांगंल."

मी रडले नाही. रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी एकामागून एक संध्याकाळी आठवत गेल्या. दाराकडे तोंड करून बसलेले अण्णा. 'तुझ्या दहावीच्या वर्षी' म्हणून थांबणारे अण्णा. ते मला पकडणार नव्हते. मोकळं करणार होते, आणि त्यासाठी माझ्या एका वाक्याची अण्णा वाट बघत होते. मी दर वेळी चहा टाकायला उठत होते. नऊ वर्षं एका घरात राहून मी त्यांना ते एक वाक्य दिलं नाही. त्या मार्चमध्ये त्यांना मी सोडून बाकी सगळ्या मुली दिसत होत्या, हे मी आयुष्यभर धरून बसले. त्या संध्याकाळी चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणत ते एका मुलीसाठी गेले, आणि मातीच्या अंगणात बसून त्यांनी मागितलं ते दुसरीसाठी. ती दुसरी आज पन्नाशीची झाली आहे, आणि ज्याला सांगायचं तो माणूस नाही.

मांडव सुटायला लागला होता. पोरं खुर्च्या उचलत होती. सांगलीची गाडी पाचला होती. मी पिशवी उचलली.

"निघते," मी म्हणाले.

"कुठं निघालीस, सुनंदे?" तिचं ताई आपोआप गळून पडलं होतं. "घरी कोण हाय वाट बघाया?"

लोकांनी असं विचारलं की मी काहीतरी सांगते. शेजारीण आहे, काम आहे, उद्या ऑफिस आहे. तिथं, त्या पायरीवर, त्यातलं काही सांगावंसं वाटलं नाही.

"कुणी नाही," मी म्हणाले.

महादेवीनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि आपल्या वस्तीच्या वाटेनं चालायला लागली. मी उभी राहिले. ती थोडं पुढे जाऊन वळली आणि थांबून राहिली. मग मीही निघाले.